उसनी वेणी

सकाळी घराबाहेर पडणाऱ्या बाईला स्वयंपाक आटोपल्यावर सगळ्यात जास्त खोळंबवतात ते तिचे केस. कन्नडहून संभाजीनगर साठेक किलोमीटर. कॉलेज असो, शाळा असो, दवाखान्यातली ड्यूटी असो, सकाळच्या गाड्या चुकवून चालत नाही. पाणी भरून झालं, डबे भरून झाले, की आरशासमोर उभं राहायला जेमतेम पाच मिनिटं उरतात. तेवढ्यात डोकं नीटनेटकं करून देणारी वस्तू आता तालुक्याच्या बाजारातही बांगड्यांच्या दुकानात टांगलेली दिसते. क्लिपची वेणी, क्लचरला जोडलेला पोनीटेल, रबरावर बसवलेला कुरळा अंबाडा.

क्लिपा बसवलेली केसांची पट्टी असेल तर लावायची रीत सोपी आहे. एका कानाच्या वरून दुसऱ्या कानापर्यंत मागून आडवा भांग पाडायचा आणि वरचे केस चिमट्याने डोक्यावर अडकवून ठेवायचे. भांगालगतच्या बटा मुळाशी कंगव्याने थोड्या उलट्या विंचरायच्या, म्हणजे क्लिपला पकड मिळते. केसांच्या पट्टीची मधली क्लिप आधी बसवायची, मग कडेच्या. वरचे केस खाली सोडून हलका कंगवा फिरवला की जोड दिसत नाही. मग वेणी घाला, नाहीतर अंबाडा वळा. केस कृत्रिम धाग्याचे असतील तर साधा स्ट्रेटनर त्यांना लावू नका, ते वितळतात. आणि झोपण्याआधी हे सगळं काढून ठेवा. एकाच जागी रोज ओढ बसली की तिथले आपले केस मुळापासून कमजोर होतात.

हे काही नवं खूळ नाही. आपल्या आज्या-पणज्यांच्या फणेरपेटीत उसन्या केसांचं गंगावण असायचंच. सणावाराला, मंगळागौरीला ते वेणीत गुंफून खोपा भरदार केला जाई. लावणीच्या फडात कमरेखाली रुळणारी वेणी गंगावणाशिवाय शोभत नाही. बालगंधर्व टोप घालून रंगभूमीवर उभे राहायचे, आणि त्यांची नेसण, त्यांचा गजरा पाहून घरंदाज स्त्रिया तसं नटायला शिकल्या. फार मागे जायचं तर आपल्याच जिल्ह्यात अजिंठा आहे. तिथल्या सतराव्या लेण्यात हातात आरसा घेऊन प्रसाधन करणारी राजस्त्री आहे, भोवती तिच्या दासी आहेत. अजिंठ्याच्या भिंतींवरचे ते अंबाडे, त्या बटा, ती फुलं पाहिली की कळतं, केस सजवणं ही या मातीतली जुनी, मानाची कला आहे.

तरीही जोडलेल्या केसांची चोरी वाटते. लग्नाला निघालेली बाई दाराला कडी लावून क्लिपा बसवते आणि कुणी केसांचं कौतुक केलं की मान खाली घालते. चष्मा लावणाऱ्याला कुणी खोट्या नजरेचा म्हणत नाही, मग क्लिपच्या वेणीलाच खोटी का म्हणायचं?

मला वाटतं, याचं कारण जुनं आहे. बाईच्या डोक्यावरचे केस तिचे स्वतःचे असं आपण फारसं मानलंच नाही. मुलगी पाहायला आले की तिला अंबाडा सोडून दाखवायला लावत, केस किती लांब, किती दाट ते पाहत. नवरा गेला की कित्येक घरांत तेच केस वस्तऱ्याने उतरवले जात. 1890 साली कामगारनेते नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने मुंबईतले नाभिक एकत्र आले आणि विधवांच्या डोक्याला वस्तरा लावणार नाही असं त्यांनी ठरवलं. त्या माणसांविषयी मला फार आदर वाटतो. पोटाचा धंदा बाजूला ठेवून ते परक्या बायकांच्या केसांसाठी उभे राहिले.

केस जाण्याचं दुःख किती खोल असतं ते अलीकडेच दिसलं. 2024 च्या डिसेंबरअखेर बुलढाणा जिल्ह्यात, शेगाव तालुक्यातल्या बोंडगाव, कालवड, हिंगणा आणि आसपासच्या गावांत लोकांचे केस काही दिवसांतच हातात येऊ लागले. पाण्याचे, रक्ताचे, गव्हाचे नमुने तपासले गेले, डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी रेशनच्या गव्हातल्या सेलेनियमकडे बोट दाखवलं. पण त्या गावांवर ‘टक्कल’ हा शिक्का बसायला कुठल्या तपासणीची गरज लागली नाही. गेले होते डोक्यावरचे केस आणि तोंड लपवायची वेळ माणसांवर आली.

रोजचं केस गळणं इतकं गाजत नाही, पण ते घरोघरी आहे. बाळंतपणानंतर किंवा मोठ्या तापानंतर दोन-तीन महिन्यांनी केस पुंजक्यांनी गळतात आणि बहुतेकींचे काही महिन्यांत परत येतात. दुसरं कारण रक्ताचं. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांच्या अंगात रक्त कमी आढळलं. शरीरात लोह कमी पडलं की केसही विरळ होऊ शकतात. म्हणून वेणी अचानक बारीक झाली तर क्लिप जरूर लावा, पण प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन हिमोग्लोबिनही तपासून घ्या.

आणखी एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. खऱ्या केसांची वेणी आपण विकत घेतो तेव्हा ती कुणाच्या तरी डोक्यावरून आलेली असते. तिरुपतीला वाहिलेल्या केसांचा देवस्थान लिलाव करतं, हे अनेकांना ठाऊक आहे. पण आपल्या गल्लीतून, वस्तीवरून, तांड्यावरून गोळा होणारं गुंतवळ? विंचरताना कंगव्यात आलेले केस बायका गुंडाळून भिंतीच्या फटीत, पिशवीत साठवतात. फेरीवाली येते आणि त्याच्या बदल्यात फुगा, पिनांचं पाकीट, फार तर एखादी वाटी देऊन जाते. तिलाही त्यात मोठं काही सुटत नाही. ते गुंतवळ पुढे कर्नाटकात कोप्पळजवळच्या भाग्यनगरसारख्या ठिकाणी जातं. तिथे हाताने, मुख्यतः बायकांच्याच हाताने, एकेक केस सोडवून लांबीनुसार त्याच्या जुड्या बांधल्या जातात, आणि मग तो माल किलोला हजारोंच्या भावाने विकला जातो. कच्चे केस स्वस्तात देशाबाहेर जातात म्हणून जानेवारी 2022 मध्ये केंद्र सरकारने त्यांच्या निर्यातीवर निर्बंध घातले. एवढी किंमत असलेली वस्तू आपल्या दारातून फुग्याच्या मोलाने जाते आहे. उसनी वेणी लावण्यात लाज मुळीच नाही. जिचे केस तिलाच काही मिळू नये, ही मात्र लाजेची गोष्ट आहे.

म्हणून आज केस विंचराल तेव्हा तीन गोष्टी लक्षात ठेवा. गुंतवळ जपून ठेवत असाल तर वजन केल्याशिवाय आणि भाव विचारल्याशिवाय देऊ नका. लांब केस कापायचे मनात असेल तर कर्करोगाच्या रुग्णांसाठी टोप करणाऱ्या संस्थांना द्या. त्या साधारण 12 इंच लांबीची वेणी मागतात. आणि शेजारची एखादी भरदार अंबाडा घालून, हसत, बस पकडायला निघाली असेल तर ‘छान दिसतेस’ एवढंच म्हणा. ‘हे तुझेच आहेत का गं?’ असं तिला विचारू नका.