नाममुद्रा आणि अनात्मवाद

बजाजनगरात आंबेडकर जयंतीच्या सुमारास भीमगीतांचे कार्यक्रम होतात, वाळूजच्या कारखान्यातील पाळी संपवून आलेला कामगार पुढे सरसावून बसतो, आणि अखेरच्या कडव्यात ‘वामन’ हे शाहीर वामनदादा कर्डकांचे नाव आले की टाळी हटकून पडते. ज्या बौद्ध धम्माने आत्मा नाकारला, त्याच धम्माच्या शाहिराने गीतागणिक स्वतःचे नाव कोरून ठेवावे, ही विसंगती नव्हे काय?

मला तसे वाटत नाही. भिक्खू नागसेनाने मिलिंद राजाला सांगितले होते की ‘नागसेन’ ही केवळ व्यवहारापुरती संज्ञा. तिच्यामागे नित्य असा पुरुष नाही. परंतु संज्ञा नाकारली असे त्याने कोठेही म्हटलेले नाही. शिवाय ज्यांच्या वाडवडिलांची नावे वेठबिगारीपलीकडे फारशा दप्तरांत चढलीच नाहीत, त्यांच्यापैकी एकाने आपल्या मेहनतीखाली सही करणे, याला अहंकार म्हणण्याची घाई पंडितांनी करू नये.

सिन्नर तालुक्यातील देशवंडीचे वामनदादा कर्डक (१९२२–२००४) मुंबईत आले तेव्हा निरक्षर होते. कोणी पत्र वाचून दाखवा म्हणाले, ते वाचता येईना; त्या लज्जेपोटी त्यांनी वाढत्या वयात अक्षरे गिरवली आणि १९४३ साली पहिले गीत रचले. त्याच वर्षी अमेरिकेत मिसिसिपीच्या कापूसमळ्यातून गायक मडी वॉटर्स शिकागोला गेला, कागदाच्या कारखान्यात राबला, ब्लूज गाऊन नावारूपाला आला. पुढे रॉक-अँड-रोलने त्याचा बाजार उतरवला आणि इंग्लंडातील तरुणांनी तो पुन्हा चढवला. वामनदादांचे चढउतार निराळे: गावोगाव अफाट श्रोते, आणि घरी मात्र मोडलेला संसार.

अशा चढउतारांत, म्हणजे लाभ-अलाभ, यश-अपयश, निंदा-प्रशंसा, सुख-दुःख या अष्ट लोकधर्मांनी चित्त हलू देऊ नये, अशी बुद्धाची शिकवण आहे, आणि ती गायकाला उपयोगी आहे यात शंका नाही. पण हिशेबाच्या वेळी संयोजकानेच विरक्तीचा दाखला काढून बिदागी कापावी, ही शुद्ध लबाडी होय. जीवन सर्वस्वी दुःखच असेल तर धम्माने आशा ती कोणती दिली, असा आक्षेप बाबासाहेबांनी चार आर्यसत्यांच्या प्रचलित मांडणीवर घेतला होता. माणसाने माणसावर लादलेले दारिद्र्य त्यांच्या लेखी सोसण्याची नव्हे, निवारण्याची गोष्ट होती. तेव्हा समचित्तता गायकाने आपल्या सवडीने साधावी. मंडळाने ठरलेली रक्कम त्याच रात्री, ढोलकीवाल्यासकट सर्वांना, रोख चुकती करावी.