कोठाराचा हिशेब

मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांची कथा मराठी माणसाला नव्याने सांगावी लागत नाही. दुष्काळात त्यांनी बादशाही कोठारे भुकेलेल्यांसाठी उघडली आणि विठूच्या रूपाने पांडुरंगाने बेदरच्या दरबारी त्या धान्याची किंमत भरली, असे ती सांगते. लहानपणी आम्हांला तीत दामाजींचे औदार्य तेवढे दिसे. शासकीय सेवेत उमेद सरल्यावर दुसरी एक गोष्ट दिसू लागली. कोठार रिकामे झाले तरी हिशेब उरलाच होता, आणि तो कुणाला तरी चुकवावा लागला. कोठार भरताना व रिते करताना त्याची किंमत कोण देतो, हा प्रश्न आम्हांला येथे कडधान्यांच्या निमित्ताने विचारावयाचा आहे.

गव्हा-तांदळाच्या साठ्यांविषयी पुष्कळ लिहिले जाते. कडधान्यांविषयी फार थोडे. वास्तविक अनेक विकसनशील देशांत गरिबाच्या ताटातील प्रथिनांचा मोठा आधार तीच आहेत. परंतु ती साठविणे कठीण. डाळीला भुंगा लागतो. घेवडा जुना झाला की काळवंडतो आणि शिजता शिजत नाही. म्हणून कडधान्यांची कोठारे भरून ठेवण्यास सरकारे कचरतात, आणि ज्यांनी ती भरली त्यांनीही पुढे हात आखडते घेतले.

मेक्सिकोचे उदाहरण घ्यावे. तेथे मक्याबरोबर घेवडा हे रोजचे अन्न. ‘कोनासुपो’ ही सरकारी संस्था दोन्ही पिके शेतकऱ्यांकडून खरेदी करीत असे. 1994 मध्ये उत्तर अमेरिकेचा मुक्त व्यापार करार अमलात आला, 1999 मध्ये ती संस्था बंद झाली आणि 2008 पासून घेवड्यावरील उरलेसुरले आयातनिर्बंधही गेले. 2019 मध्ये सरकारने नवी संस्था स्थापून लहान शेतकऱ्यांकडून हमीभावाने खरेदी पुन्हा सुरू केली. ब्राझीलमध्येही घेवडा घरोघरचा. परंतु 2010 नंतरच्या दशकाच्या अखेरीस तेथील सरकारी कोठारांतून तो जवळजवळ नाहीसा झाला होता.

भारताचा प्रवास याच्या उलट दिशेने झाला. 2015 मध्ये तूरडाळ किलोला 200 रुपयांच्या वर गेली, तेव्हा मध्यमवर्गीयांच्याही आमटीत पाणी वाढले. सप्टेंबर 2016 मध्ये केंद्र सरकारने 20 लाख टन कडधान्यांच्या राखीव साठ्यास मान्यता दिली. त्याच वर्षी जुलैमध्ये मोझांबिकशी करार झाला होता. त्यानुसार तेथून येणारी तूर व अन्य कडधान्ये एक लाख टनांपासून 2020-21 पर्यंत दोन लाख टनांवर न्यावयाची होती. पाऊस चांगला झाला, आपल्या शेतकऱ्याने भावाकडे पाहून पेरा वाढविला, आणि तुरीचे उत्पादन 2015-16 मधील सुमारे 26 लाख टनांवरून पुढच्याच वर्षी सुमारे 49 लाख टनांवर गेले. कोठारे भरली, भाव मात्र 5,050 रुपयांच्या हमीभावाखाली घसरले. ऑगस्ट 2017 मध्ये सरकारने तुरीच्या आयातीवर वर्षाला दोन लाख टनांची मर्यादा घातली.

कागदावर पाहिले तर हा निर्णय निर्दोष होता. करारांतील वचने त्यातून वगळली होती, म्हणजे मोझांबिकला दिलेला शब्द अक्षरशः पाळला गेला. परंतु तेथील शेतकरी करारनामा वाचून पेरत नाही. भारताला तूर हवी आहे, एवढेच तो ऐकतो. ते पीक त्याच्या ताटात फारसे नसते. ते आपल्या ताटासाठीच पिकते. भाव कोसळल्यावर आपले पीक खाऊन दिवस काढण्याची सोयही त्याला पुरेशी नव्हती. मलावी आणि म्यानमार यांच्याशी तेव्हा असा करारही नव्हता. तेथील शेतकऱ्यांनाही तीच झळ लागली.

यावर आक्षेप येईल, आणि तो आम्ही हलका मानीत नाही. सरकारचे पहिले कर्तव्य आपल्या प्रजेशी असते. कलबुर्गीचा किंवा लातूरचा शेतकरी हमीभावाखाली तूर विकत असताना परक्याची तूर का आणावी? आम्ही त्या खुर्चीवर असतो तर आम्हीही बहुधा तेच टिपण लिहिले असते. परंतु टिपण योग्य असणे आणि आपण ऋणमुक्त असणे या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. आपल्या गरजेपोटी ज्याला पेरते केले, तो त्या व्यवहारानंतर सर्वस्वी परका उरत नाही. घरच्याला आधी वाढावे, हे खरे. पण ज्याला आपण पंगतीला बोलावले, त्याच्या तोंडावर दार लावताना निदान पूर्वसूचना द्यावी, हेही तितकेच खरे.

शिवाय चक्र फिरतेच. मे 2021 मध्ये तुरीची आयात पुन्हा खुली करावी लागली, म्यानमार व मलावीशीही करार झाले, आणि जून 2023 मध्ये देशातील व्यापाऱ्यांच्या साठ्यावर मर्यादा घालण्याची पाळी आली. ज्यांना दार लावले होते, त्यांच्याच दारी आपण पुन्हा उभे राहिलो.

म्हणून देशोदेशींच्या साठ्यांची तुलना करताना केवळ वाढ आणि घट मांडून भागत नाही. घटलेला साठा भुकेल्यांच्या मुखी गेलेला असू शकतो, किंवा मेक्सिकोप्रमाणे कोठारच मोडल्याची ती खूण असू शकते. वाढलेला साठा दूरदृष्टीचा असू शकतो, किंवा दुसऱ्या कुणाच्या पडलेल्या भावाचा. आकड्याशेजारी आणखी एक रकाना हवा: हा बदल कुणाच्या खर्चाने झाला? सेवेत असताना आमच्या नोंदवह्यांत आवक, जावक, शिल्लक आणि तूट असे चार रकाने होते. हा पाचवा कधी नव्हता, आणि तो आखावा असे आम्हांलाही तेव्हा सुचले नाही.

दामाजींचा हिशेब पांडुरंगाने चुकविला, अशी आपली श्रद्धा आहे. आपल्या कोठारांचा हिशेब मात्र मोझांबिकमधील एखादा शेतकरी चुकवितो, आणि त्याची पावती आपल्या दरबारात येत नाही.