राखाडी ओळ

ईमॅक्स या एडिटरला पंचांग येतं. आपल्या गावाचे अक्षांश-रेखांश एकदा देऊन ठेवले की आज सूर्य किती वाजता उगवणार आणि कधी मावळणार, हे तो चोख सांगतो. पुणेकरांनी १८.५ आणि ७३.९ एवढे दोन आकडे भरले की झालं. सर्केडियन नावाचं एक चिमुकलं प्लगिन याच हिशोबावर चालतं. सूर्य वर आला की उजळ थीम, मावळला की गडद. जूनमध्ये सहाच्या सुमारास स्क्रीन पांढरी होते, जानेवारीत सात वाजले तरी काळीच असते. भल्या पहाटे कामाला बसणाऱ्याला एवढी साथ पुरे.

थीम बदलणं इतकं सोपं झालं की माणूस बदलत सुटतो. यातल्या काही थीम मात्र खरोखर विचार करून केलेल्या आहेत. ईथन स्कूनोव्हर यांनी २०११ मध्ये आणलेल्या सोलराइज्डमध्ये मोजून सोळा रंग आहेत. आठ पार्श्वभूमीचे आणि मजकुराचे, आठ ठसठशीत. उजळ आणि गडद अशी दोन्ही रूपं त्याच सोळांतून निघतात. ईमॅक्सच्या २८व्या आवृत्तीपासून, म्हणजे २०२२ पासून, सोबत येणाऱ्या प्रोटेसिलाओस स्टाव्हरू यांच्या मोडस थीममध्ये अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्या उजेडाचं गुणोत्तर किमान ७:१ राखायचा नेम आहे. डोळ्यांची कदर करणारी माणसं ही.

पण एक गोष्ट बहुतेक थीममध्ये सारखीच. कमेंट पुसट. कीवर्ड झळकतात, अवतरणातला मजकूर हिरवा किंवा तांबूस होतो, आकड्यांना वेगळा रंग मिळतो. आणि माणसानं माणसासाठी लिहिलेली ओळ तेवढी राखाडी. सोलराइज्डसारख्या तोलून मापून केलेल्या थीममध्येही कमेंटच्या वाट्याला मुख्य मजकुरापेक्षा फिका रंग येतो.

कर्जाच्या व्याजाचा हिशोब करणारा कोड वाचत आहात असं समजा. वर्षाचे दिवस ३६५ हवेत, तिथे ३६० दिसतात. हात लगेच दुरुस्तीला शिवशिवतो. त्या आकड्याला थीमनं छान जांभळा रंग दिलाय, त्यामुळे नजर तिथेच अडकते. आणि वरच्या ओळीत, दिसेल न दिसेल अशा अक्षरांत, कुणीतरी लिहून ठेवलंय, ‘या करारात वर्ष ३६० दिवसांचंच धरतात, बदलू नये.’ ३६० कुठे लिहिलंय ते कोड सांगतो. का लिहिलंय ते फक्त ही ओळ सांगते. अशी प्रथा बँकव्यवहारात खरोखर आहे, पण ती ठाऊक नसलेल्या पोराला कोडमधून कधीच कळणार नाही.

थीम करणाऱ्यांची बाजूही खोटी नाही. कमेंट शिळ्या होतात. कोड बदलतो, वरची ओळ तशीच राहते आणि बिनदिक्कत खोटं बोलते. शिवाय प्रत्येक फाइलच्या माथ्यावर परवान्याचा तो लांबलचक मजकूर! तो झळकायला लागला तर वाचणारा पहिल्याच पानावर वैतागेल. तरीही मला वाटतं, शिळं होण्याचं एक कारण पुसटपणाच आहे. जे डोळ्यांत भरत नाही ते बदलायचं राहून जातं.

ईमॅक्सच्या थीमची एक खोड इथे कामाला येते. एका थीमवर दुसरी लावली की पहिली जात नाही, ती खाली तशीच राहते. नव्या थीमनं ज्याचा रंग सांगितलेला नाही तिथे जुना डोकावतो. लोक त्याला कंटाळतात, म्हणून आधीची थीम बंद करून मगच नवी चढवायची, असा दोन ओळींचा तोडगा बहुतेकांच्या सेटिंगमध्ये सापडतो. पण या थरांत सगळ्यात वरचा थर वापरणाऱ्याचा स्वतःचा असतो. कमेंटचा रंग आपण तिथे सांगितला की खाली कुठलीही थीम येवो-जावो, तो हलत नाही. सूर्योदयालाही नाही.

मात्र एकच रंग दोन्ही वेळांना चालवायचा म्हटलं तर गणित आडवं येतं. पांढऱ्याशुभ्र आणि काळ्याकुट्ट अशा दोन्ही पार्श्वभूमींवर सारखा उठून दिसणारा रंग शोधला, तर गुणोत्तर फार तर ४.५८ पर्यंत पोचतं. ७ ची गोष्टच सोडा. म्हणून पार्श्वभूमी उजळ असेल तर हा आणि गडद असेल तर तो, असे दोन रंग सांगावे लागतात. ईमॅक्सला ते समजतं. मी दिवसासाठी विटकरी आणि रात्रीसाठी हळदी घेतला आहे.

चांगल्या कमेंटबरोबर टाकाऊ कमेंटही आता तितक्याच ठळक दिसतात, हे ओघानं आलंच. ‘लागेल कधीतरी’ म्हणून कमेंट करून ठेवलेला पानभर मेलेला कोड आधी राखाडीत निवांत पडून असायचा. तो आता सकाळी सकाळी विटकरी रंगात समोर येतो, आणि चहा संपायच्या आत काढून टाकला जातो.