ज्याच्या अंगावर, त्याची सही

काटोल

चि. भाचीस,

हेल्मेटला लावायचा छोटा कॅमेरा, डोळ्यासमोरचा पडदा आणि मनगटावरची पट्टी घेऊन तुमची कंपनी इकडच्या एका कारखान्यात मेंटेनन्सच्या लोकांसोबत चाचणी करणार, हे ताईकडून कळलं. तुम्ही, तो कारखाना आणि एक इंजिनीअरिंग कॉलेज असे तीन भागीदार, आणि कराराचा मसुदा तुझ्याकडे. "मामा, तुमचा जन्म मेंटेनन्समध्ये गेला, काय काय बघू?" असं तू विचारलंस. फोनवर सुचलं तेवढं बोललो, उरलेलं लिहितो. सार आधीच सांगून टाकतो. तुमच्या करारावर चौथी सही हवी, ती वस्तू अंगावर घालणाऱ्या फिटरची. ती नसली तरी चाचणी सुरू होईल, अहवालही छापला जाईल, पण त्यातला आकडा खरा नसेल.

आमच्या धंद्याचा पहिला धडा अंगावरचं काढण्याचा. फिरत्या शाफ्टजवळ जायचं तर घड्याळ, अंगठी, कडं, गळ्यातला दुपट्टा आधी उतरवायचा. 1948 चा कारखाने अधिनियम 2025 मध्ये नव्या संहितेनं बदलला, तरी त्याचं कलम 22 काढून वाच. यंत्र चालू असताना त्याच्या फिरत्या भागांची तपासणी किंवा तेलपाणी करायची वेळ आलीच, तर ते काम खास शिकवलेल्या प्रौढ पुरुष कामगारानंच करायचं. त्याच्या अंगात घट्ट बसणारे कपडे लागत, ते कारखान्यानं पुरवायचे आणि त्याचं नाव रजिस्टरात असावं लागे. मेंटेनन्सवाल्याच्या अंगावर काय असावं आणि ते कोणी द्यावं, हे कायद्यानं तेव्हाच लिहून ठेवलं होतं. त्यातला 'पुरुष' वाचून तू चिडशील. चिडून झालं की तुमचं हेल्मेट आणि पट्टी बाईच्या डोक्याला नि मनगटाला नीट बसते का, तेही बघून घे.

तर आम्ही उतरवलेलं घड्याळ तुम्ही पुन्हा चढवताय. म्हणून पहिला प्रश्न हा, की पट्टी कुठे अडकली तर झटका बसताच सुटते का? घट्ट बकलाची पट्टी मनगटासकट आत ओढली जाईल. दुसरं हेल्मेटचं. औद्योगिक हेल्मेटला आपल्याकडे आयएस 2925 हे मानक आहे. भोक पाडून कॅमेरा बसवला की ज्या हेल्मेटनं परीक्षा पास केली होती ते हेल्मेट उरत नाही. क्लिप लावा, वजन मोजा, आणि मान खाली घालून गिअरबॉक्सखाली शिरलेल्या माणसाच्या मानेला विचारा.

तिसरं आपल्या उन्हाचं. नागपूर जिल्ह्यात मे महिन्यात पारा पंचेचाळीसला टेकतो, आणि पत्र्याच्या शेडमध्ये कॉम्प्रेसरशेजारी त्याहून जास्त. बहुतेक लिथियम बॅटऱ्या पंचेचाळीस अंशांच्या वर चार्ज करू नयेत असं बनवणारेच सांगतात. बाजारातली नावाजलेली स्मार्ट घड्याळंसुद्धा पस्तीस अंशांपर्यंतच वापरा म्हणतात. तुमची चाचणी डिसेंबरात उरकली तर ती काटोलची चाचणी झालीच नाही. करारात महिना लिही, आणि तो मे असू दे.

चौथी गोष्ट या भागात कोणी हलक्यात घेऊ नये. आपल्या तालुक्याच्या आणि अमरावती रस्त्याच्या आसपास स्फोटकांचे कारखाने आहेत. बाजारगावजवळच्या कारखान्यात 17 डिसेंबर 2023 ला स्फोट झाला आणि नऊ कामगार गेले. अशा ठिकाणी, किंवा पेट्रोलची वाफ, सॉल्व्हंट, गॅस असेल तिथे बॅटरीवर चालणारं कुठलंही साधं उपकरण आत नेणं म्हणजे ठिणगी खिशात घालून नेणं. त्यासाठी पेट घेण्याइतकी ठिणगी मुळातच पडू न देणारी रचना लागते आणि तिची मंजुरी लागते. ती देणाऱ्या पेसोचं, म्हणजे पेट्रोलियम आणि स्फोटक सुरक्षा संघटनेचं मुख्यालय नागपुरातच आहे. तुमचा आताचा कारखाना त्या जातीचा नसेल. पण चाचणी गाजली की उद्या तीच पट्टी कोणीतरी तसल्या शेडमध्ये घालून जाईल. कुठे वापरायची नाही, हे वस्तूवरच मराठीत छापा.

आता कामाकडे येतो. ही वस्तू उपयोगाची आहे, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. ऐन हंगामात एखाद्या जिनिंगचं यंत्र रात्री बसलं आणि जाणता माणूस नागपूरला असला, तर सकाळपर्यंत सगळं ठप्प. त्या माणसाला नवख्या फिटरच्या डोळ्यानं यंत्र दिसलं, "तो नाही, त्याच्या बाजूचा बोल्ट" असं सांगता आलं, तर रात्र वाचते. दोन्ही हात मोकळे राहून ड्रॉइंग डोळ्यासमोर येणं हेही मोठंच सुख. ग्रीसच्या हातांनी कागद उलटले की पुढच्या माणसाला ते पान वाचता येत नाही.

पण कारखान्यात ते कसं चालतं, हे कारखान्यातच बघावं लागतं. हातमोजे घातल्यावर टचस्क्रीन ऐकत नाही. आवाजानं चालवायची सोय असेल, तर शेजारच्या कॉम्प्रेसरच्या घरघरीत तिला ऐकू येतं का? आणि आलं तरी कळतं का? आमचा माणूस "बेरिंग आवाज करून राह्यली" असं म्हणेल. तो मापं सुतात सांगतो; चार सूत म्हणजे अर्धा इंच. तो "सतरा-एकोणीसचा पाना दे" म्हणतो. हे शब्द वर्षानुवर्षं शेडमध्येच घडलेत. तुमच्या यंत्राला शिकवायला ते फिटरच्या तोंडूनच घ्यावे लागतील. म्हणजे तो तुमचा शिक्षकही झाला. मग त्याच्या तासाचे पैसे कोण देणार, हेही करारात येऊ दे.

कॉलेजच्या सरांना एक निरोप दे. नवी वस्तू आली की पहिले काही आठवडे सगळेच झपाट्यानं काम करतात, कारण कोणीतरी बघतंय. अमेरिकेत शिकागोजवळ वेस्टर्न इलेक्ट्रिकच्या हॉथॉर्न कारखान्यात 1924 ते 1932 या काळात कामगारांवर जे प्रयोग झाले, त्यांवरून हाच धडा पुढे शिकवला गेला. त्यातल्या निष्कर्षांवर विद्वान अजून वाद घालतात, पण शेडमध्ये राउंडवर साहेब आला की काय होतं, हे कुठल्याही फिटरला विचार. म्हणून पहिल्या महिन्याचा आकडा बाजूला ठेवा. आधीच्या वर्षाचं ब्रेकडाउन रजिस्टर काढून तेच यंत्र, तोच बिघाड किती वेळात सुटायचा ते लिहून घ्या. मग एका पाळीला वस्तू द्या, दुसरीला देऊ नका, आणि काही आठवड्यांनी उलटं करा. फक्त वेळ मोजू नका. तोच बिघाड परत आला का, हे मोजा. घाईनं जोडलेलं कपलिंग लवकर सुटतं.

आणि एक आकडा जरूर ठेवा: वस्तू कोणी, कधी, कुठल्या कामाला उतरवून ठेवली. अहवालात तिथे 'वापर कमी' एवढंच लिहिलं जातं. उतरवण्याचं कारण विचारलंत, तर पुढची वस्तू कशी असावी याचं अर्धं उत्तर तिथेच मिळेल.

खोट्या इशाऱ्यांचा हिशेब साधा आहे. समज चाळीस जणांच्या मनगटावर पट्टी आहे आणि माणूस पडला असं ती पाळीत एकदाच चुकून ओरडते. म्हणजे पाळीत चाळीस हाका. दोन दिवस लोक धावतील, तिसऱ्या दिवशी कोणी मान वळवणार नाही, आणि खरा पडलेला तसाच राहील.

आता मुख्य दुखणं. नागपूर महापालिकेनं काही वर्षांपूर्वी हजारो सफाई कामगारांच्या मनगटावर जीपीएसची घड्याळं चढवली. कोण आपल्या बीटवर आहे, कोण नाही, हे कळावं आणि हजेरी, पगार त्याला जोडता यावा, हा हेतू. कामचुकारांना आळा बसेल असं प्रशासनाचं म्हणणं होतं. कामगारांना, त्यातही बायकांना, वाटलं ते वेगळं: कोणीतरी दिवसभर आपल्याला बघतंय. संघटनांनी विरोध केला. घड्याळ तेच, पण एकाला ते हजेरीपुस्तक वाटलं, दुसऱ्याला बेडी. तुमच्या पट्टीचं असं होऊ नये वाटत असेल, तर ती कशासाठी नाही, हे आधी लिहून दिलं पाहिजे.

2023 च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यावर विसंबू नको. नोकरीच्या कामासाठी मालकाला काही माहिती वेगळी संमती न घेता वापरायची मुभा त्यात आहे. म्हणून हे करारातच लिहावं लागेल. हृदयाचे ठोके, चालणं, थांबणं यांची नोंद फिटरच्या नावावर कारखान्याकडे जाणार नाही. कॉलेजकडे जाईल ती नाव काढून, आणि ठरल्या तारखेला पुसली जाईल. चाचणीतल्या नोंदीवरून कोणाला मेमो, पगारकपात किंवा बदली होणार नाही. अपघात झाला तर कॅमेऱ्याचं चित्रण कोण बघेल, हे आजच ठरेल. कॅमेरा जेवणाच्या खोलीत आणि संडासाकडे बंद राहील. आणि दुरुस्तीआधी यंत्र बंद करून त्याला लॉक लावून टॅग अडकवायची पद्धत पडद्यावर हिरवा दिवा दिसला म्हणून कोणी सोडणार नाही. कुलूप आणि किल्ली फिटरच्याच ताब्यात राहील.

यात ठेकेदाराची माणसं विसरू नको. आजकाल मेंटेनन्समध्ये निम्मे हात ठेक्याचे असले तरी मला नवल वाटत नाही. कायम माणूस "मी घालणार नाही" असं म्हणू शकतो. ठेक्यावरच्याला पुढच्या महिन्याचा गेटपास डोळ्यासमोर दिसतो. त्याची सही ठेकेदारासमोर घ्यायची नाही, मधेच नको म्हणाला तरी त्याचं काम जाणार नाही, हे कारखान्यानं लेखी द्यायचं. एवढं झालं तरच त्याच्या 'हो'ला अर्थ आहे, आणि त्याच्या तक्रारीलाही.

शेवटचं, तुमच्या स्वतःच्या कंपनीबद्दल. बोइंगच्या लोकांनी 1990 च्या दशकाच्या सुरुवातीलाच विमानातल्या तारांच्या जोडणीसाठी डोक्यावरचा पडदा वापरून पाहिला होता. पुढे गूगलनं कारखान्यांसाठी 'ग्लास' नावाचा पडद्याचा चष्मा विकला, तो 2023 च्या मार्चमध्ये बंद केला. मायक्रोसॉफ्टनं तसल्याच होलोलेन्स 2 चं उत्पादन 2024 मध्ये थांबवलं. एवढ्या मोठ्यांचं हे. आमचा गिअरबॉक्स मात्र तीस वर्षं चालतो. फिटरनं सांगितलेलं, चित्रित केलेलं ज्ञान तुमच्याच यंत्रात उघडणाऱ्या फाइलमध्ये अडकून पडलं, तर तुम्ही दुकान बंद कराल त्या दिवशी कारखान्याची आठवणच जाईल. सगळं साध्या फाइलमध्ये, मराठीत, कारखान्याकडे आणि फिटरांकडे राहील असं कलम घाल. तुमच्या वकिलाला ते आवडणार नाही. घालच.

आणि चाचणी 'उपयोग नाही' या उत्तरावर संपली तरी तीनही भागीदार ती जशीच्या तशी छापतील, हे पहिल्या पानावर घे. हरायची मोकळीक नसेल तर ती चाचणी राहत नाही, विक्री होते.

मसुदा तयार झाला की मराठीत करून त्या पाळीच्या लोकांपुढे मोठ्यानं वाच. जिथे ते हसतील, ते कलम बदल. जिथे गप्प होतील, तिथे थांबून विचार. सह्या त्यानंतर. आणि पहिल्या दिवशी तुमच्या साहेबानं ते हेल्मेट पूर्ण आठ तास, शेडमध्ये, मे महिन्यात घालावं. हेही लिहून घे, तोंडी नको.

ताईला नमस्कार सांग. मसुदा पाठव, लाल पेन घेऊन बसतो.

तुझा,
मामा