थांबता येणं

हौशी आणि व्यावसायिक हे दोन शब्द माझ्या पिढीला नाटकानं दिले. दिवसभर बँकेत किंवा शाळेत नोकरी करून रात्री तालमीला येणारे ते हौशी आणि ज्यांची चूल तिकीटविक्रीवर पेटते ते व्यावसायिक, असा सरळ हिशेब होता. ट्रायथलॉनला हा हिशेब लावायला गेलं की तो फिसकटतो. इथं दोघंही एकाच सकाळी, थोड्या मिनिटांच्या अंतरानं, एकाच समुद्रात उतरतात. पूर्ण अंतराच्या आयर्नमॅन या ट्रायथलॉनमध्ये दोघांनाही तेच 3.8 किलोमीटर पोहायचं असतं, तेच 180 किलोमीटर सायकलवर कापायचे असतात आणि त्यानंतर तेच 42.2 किलोमीटर धावायचं असतं. वानखेडेवर कसोटी चालू असताना आपल्याला बॅट घेऊन शेजारच्या खेळपट्टीवर कुणी उभं राहू देणार नाही. आयर्नमॅनला मात्र जगज्जेती आणि एखाद्या सहकारी बँकेतला कारकून एकाच रस्त्यावर घाम गाळतात. मग दोघांत फरक कशाचा? वेगाचा, हे कुणीही सांगेल. पण वेग हा शेवटी दिसणारा परिणाम झाला. त्याच्या मुळाशी काय आहे, हे मला गेली काही वर्षं कळून घ्यायचंय.

मी हौशी आहे. पहाटे पाचला तलावाची पहिली बॅच, मग ऑफिस, संध्याकाळी टेकडीवर धावणं, रविवारी सिंहगडाच्या पायथ्यापर्यंत सायकल. गोव्यातल्या अर्ध्या अंतराच्या स्पर्धेची तयारी करताना माझी नडगी दुखायला लागली. दुखतंय म्हणजे सराव अंगी लागतोय, असं समजून मी पळत राहिलो. तीन आठवड्यांनी एमआरआयमध्ये हाडाला बारीक चीर दिसली. डॉक्टरांनी मी किती पळतो ते विचारलंच नाही. विश्रांती कधी घेता, एवढंच विचारलं. माझ्याकडे उत्तर नव्हतं. झोप सोडली तर माझ्या वेळापत्रकात विश्रांतीचा रकानाच नव्हता, आणि झोपेतूनही मी रोज तासभर काढून घेत होतो. सहा आठवडे सक्तीनं घरी बसलो तेव्हा आयर्नमॅनची ब्रिटिश जगज्जेती क्रिसी वेलिंग्टन हिच्याबद्दल मिळेल ते वाचून काढलं. माझ्या प्रश्नाचं उत्तर मला तिच्या व्यावसायिक कारकिर्दीच्या पहिल्या दोन वर्षांत सापडलं असं वाटतं.

क्रिसीचा जन्म 18 फेब्रुवारी 1977चा, इंग्लंडमधला. ती बरोबर एक वर्षाची झाली त्या दिवशी, 18 फेब्रुवारी 1978 ला, हवाईतल्या ओआहू बेटावर पंधरा पुरुष पहिल्या आयर्नमॅनसाठी पाण्यात उतरले आणि त्यांतले बारा शेवटपर्यंत पोचले. ते सगळे हौशीच. या स्पर्धेत बक्षिसाची रक्कम आली ती थेट 1986 मध्ये. म्हणजे हा खेळच मुळात हौसेच्या पोटी जन्मला आणि व्यवसाय त्याला मागाहून चिकटला.

क्रिसीचंही तसंच झालं. ती ब्रिटिश सरकारच्या पर्यावरण खात्यात धोरणं आखण्याचं काम करत होती. 2002 च्या जोहान्सबर्ग शिखर परिषदेच्या वाटाघाटींत तिचा सहभाग होता. पुढे कागदांचा कंटाळा येऊन ती नेपाळला गेली आणि सल्यान जिल्ह्यात पाणी आणि स्वच्छतेच्या प्रकल्पावर राबली. तिथं सायकल हेच तिचं वाहन झालं. ल्हासा ते काठमांडू हा रस्ता तिनं सायकलवरून केला, पाच हजार मीटरपेक्षा उंच खिंडी ओलांडून. हे सगळं सराव म्हणून चाललेलं नव्हतं. 2006 मध्ये लोझान इथं हौशींच्या जागतिक स्पर्धेत ती आपल्या वयोगटात पहिली आली आणि 2007 च्या सुरुवातीला, तिशीच्या उंबरठ्यावर, पक्की सरकारी नोकरी सोडून ती व्यावसायिक झाली. आपल्याकडे एखाद्या मुलीनं या वयात असा निर्णय घरी सांगितला तर जेवणाच्या पानावर किती वेळ कुणी बोलणार नाही, याची कल्पना करून बघावी.

तिच्यात कष्टाची उणीव नव्हती. कष्ट जरा जास्तच होते. तरुणपणी खाण्याशी आपलं नातं बिघडलं होतं, अन्नावर आणि शरीरावर ताबा ठेवण्याच्या हट्टानं आपल्याला आजारी केलं होतं, हे तिनंच आत्मचरित्रात लिहिलंय. अशा माणसाला जास्त पळ म्हणून सांगावं लागत नाही, ते आपणहून पळतं. मग विश्रांती म्हणजे आळस, थांबणं म्हणजे हार आणि आज न केलेला सराव म्हणजे डोक्यावरचं कर्ज, असं होऊन बसतं. माझी नडगी याच समजुतीनं तडकली होती, म्हणून हे वाचताना मी पुस्तक बराच वेळ मिटून ठेवलं.

स्वित्झर्लंडमधल्या लेझँ गावी ब्रेट सटन या ऑस्ट्रेलियन प्रशिक्षकाकडे ती चाचणी द्यायला गेली. तुझं शरीर चालेल, पण तू विचार फार करतेस, ते डोकं छाटल्याशिवाय तुझं काही खरं नाही, अशा अर्थाचं त्यानं तिला सुनावलं. आज कोणता सराव, किती आणि का, हे विचारायचं नाही. सांगितलं तेवढं करायचं आणि उरलेला वेळ आडवं व्हायचं. दोन सत्रांच्या मधली दुपार स्वयंपाकात, पत्रव्यवहारात किंवा गाव बघण्यात घालवायची नाही, पाय वर करून पडून राहायचं. विश्रांती हाही सरावाचाच भाग आहे, हे पचवायला तिला वेळ लागला. शरीरशास्त्राला यात नवीन काही वाटणार नाही. सरावानं स्नायू आणि हाडं झिजतात आणि ती भक्कम होतात ती नंतरच्या विश्रांतीत, झोपेत, पोटभर खाल्ल्यावर. पण शास्त्र माहीत असणं आणि भर दुपारी अपराधी न वाटता निजता येणं यांत महदंतर आहे.

इथं एक गोष्ट न सांगता पुढे जाणं मला बरोबर वाटत नाही. याच सटननं 1999 मध्ये ऑस्ट्रेलियातल्या न्यायालयात एका अल्पवयीन जलतरणपटूवरच्या लैंगिक अत्याचाराचे गुन्हे कबूल केले होते. 'डोकं बाजूला ठेव' हे वाक्य अशा माणसाच्या तोंडून आलंय, हे कळल्यावर ते वेगळं ऐकू येतं. नवख्या खेळाडूकडे पैसा नसतो, अनुभव नसतो. त्यानं आपला दिवस, आपलं ताट, आपलं शरीर दुसऱ्याच्या हाती सोपवलेलं असतं. व्यावसायिक होण्याच्या वाटेवरचा सगळ्यात धोक्याचा टप्पा मला हाच वाटतो, आणि त्यावर कुणी पुरेसं बोलत नाही. क्रिसीनं त्याच्याकडून शिकायचं ते शिकून 2008 नंतर तो प्रशिक्षक सोडला.

व्यावसायिक म्हणून तिच्या पहिल्या वर्षाची सुरुवात कमी अंतराच्या शर्यतींनी झाली होती. तिथं व्यावसायिकांना सायकलवर एकमेकांच्या आडोशानं जायची मुभा असते. त्यामुळे पाण्यात मागे पडलेल्याचा पुढचा घोळका सुटला की शर्यत तिथंच संपते, आणि क्रिसीचं पोहणं काही अव्वल नव्हतं. लांब पल्ल्यात आडोसा घ्यायला बंदी आहे, प्रत्येकानं आपला वारा आपणच कापायचा असतो. तिबेटच्या खिंडींत पॅडल मारलेल्या बाईला हे घरच्यासारखं होतं. ऑगस्ट 2007 मध्ये दक्षिण कोरियातल्या जेजू बेटावर ती पहिल्या आयर्नमॅनमध्ये उतरली आणि रणरणत्या उन्हात मोठ्या फरकानं जिंकली. जेमतेम सात आठवड्यांनी, 13 ऑक्टोबरला, ती हवाईच्या कोना गावात जागतिक अजिंक्यपदाला उभी होती.

कोनाचा रस्ता काळ्या लाव्ह्यातून जातो. आपला सह्याद्रीही लाव्ह्याचाच, पण त्याला थंड होऊन साडेसहा कोटी वर्षं झाली, त्यावर माती आली, करवंदं आली, गावं वसली. तिथला लाव्हा अजून उघडा आहे. सावलीला झाड नाही, बाजूनं वारा सायकल ढकलतो आणि खालून दगड तापतो. त्या रस्त्यावर क्रिसी एकेकीला मागे टाकत आघाडीवर गेली, तेव्हा ही कोण, हे समालोचन करणाऱ्यांनाही नीट सांगता येईना. 9 तास 8 मिनिटं 45 सेकंदांत तिनं स्पर्धा जिंकली. शेवटची मॅरेथॉन 2 तास 59 मिनिटं 58 सेकंदांत झाली. आयर्नमॅनचं जगज्जेतेपद मिळवणारी ती पहिली ब्रिटिश. व्यवसायात उतरून वर्षही झालेलं नव्हतं.

ही झाली सगळ्यांना सांगावीशी वाटणारी गोष्ट. मला मात्र त्याच्या पुढच्या वर्षीची, 2008 ची, जास्त मोलाची वाटते. कोनाच्याच रस्त्यावर, सायकलच्या टप्प्यात आघाडीवर असताना तिचं चाक पंक्चर झालं.

ज्यांनी हे केलंय त्यांना तो क्षण हातांत जाणवेल. टायर सोडवायचं, जुनी ट्यूब काढायची, काच किंवा तार आत राहिली नाही ना म्हणून टायरच्या आतून बोट फिरवायचं, नवी ट्यूब बसवायची. मग अंगठ्याएवढी कार्बन डायऑक्साइडची नळकांडी वाल्व्हला लावायची. ती उघडताच धातूवर पांढरं बर्फ धरतं आणि बोटं चिकटतात. तोंड वाल्व्हवर नीट बसलं असेल तर दोन-तीन सेकंदांत चाक टणक होतं. केसभर तिरकं बसलं तर सगळा वायू फुस्स करून हवेत जातो आणि हातात रिकामी, गार नळकांडी उरते. हौशी सायकलस्वाराला हे करून करून सवय झालेली असते. जगज्जेतीच्या हातून मात्र त्या दिवशी वायू वाया गेला. चाक सपाटच राहिलं.

आता करण्यासारखं काहीच नव्हतं. रस्त्याच्या कडेला उभं राहून मागे टाकलेल्या बायका एकामागून एक पुढे जाताना बघायच्या. दीड वर्षापूर्वी दुपारची तासभर पडून राहायलाही जिचं मन तयार नव्हतं, तिला जगातल्या सगळ्यात मोठ्या शर्यतीत उभं राहावं लागलं. मग रेबेका कीट ही ऑस्ट्रेलियन स्पर्धक आली आणि जाता जाता तिनं आपल्याजवळची नळकांडी क्रिसीकडे टाकली. जी उभी राहिली तर आपला एक क्रमांक वाढेल, तिलाच तिनं चालतं केलं. कीटलाही स्वतःचं चाक होतं, पुढचा लांब रस्ता होता, आणि बक्षीस फक्त वरच्या मोजक्यांनाच मिळणार होतं. व्यावसायिक म्हणजे पैशासाठी खेळणारा, एवढीच व्याख्या धरली तर कीटची ती कृती तिच्यात बसत नाही. मला ती व्याख्याच अपुरी वाटते.

क्रिसीची दहा-एक मिनिटं गेली होती. घाबरलेला माणूस अशा वेळी गेलेली मिनिटं पुढच्या दहा किलोमीटरमध्ये वसूल करायला जातो आणि धावताना पंचविसाव्या किलोमीटरला कोलमडतो. तिनं ती हळूहळू परत मिळवली. सायकलवरच पुन्हा आघाडी घेतली आणि शेवटी 9 तास 6 मिनिटं 23 सेकंदांत पहिली पोचली, म्हणजे रस्त्याच्या कडेला उभी राहूनही आदल्या वर्षीपेक्षा दोन मिनिटांहून अधिक लवकर. नेपाळातले डोंगर आणि लेझँमधल्या त्या आडव्या पडलेल्या दुपारी, दोन्ही तिथं कामाला आल्या असणार असं माझं मन सांगतं. थांबावं लागलं म्हणून ती मोडली नाही, कारण थांबण्याची भीती तोवर गेलेली होती.

यातून सूत्र काढायला जावं तर तिची पुढची वर्षं ते काढू देत नाहीत. 2010 ला कोनाच्या शर्यतीच्या दिवशी सकाळी आजारपणामुळे तिनं नाव मागे घेतलं. गतविजेती असून ती पाण्यात उतरलीच नाही आणि त्याबद्दल तिला बोलही ऐकावे लागले. 2011 ला स्पर्धेच्या दोन आठवडे आधी सायकलवरून पडून ती सोलवटली, तरी उतरली आणि चौथ्यांदा जिंकली. एका वर्षी माघार शहाणपणाची आणि दुसऱ्या वर्षी उतरणं. बाहेरून बघणाऱ्याला दोन्ही निर्णय पटवून देता येणार नाहीत. ते शरीर ज्याचं, त्यालाच आतून ऐकू येतं, आणि ते ऐकायला आधी काही काळ गप्प पडून राहावं लागतं. हौशी माणसाचं दुर्दैव असं की त्याला पडून राहायला वेळच मिळत नाही. नोकरी आणि घर सांभाळून चोरलेले तास तो सगळेच्या सगळे मेहनतीत घालतो, विश्रांतीवर खर्च करायला त्याचा जीव होत नाही. माझाही होत नव्हता. आता आठवड्यातला एक दिवस मी बूट कपाटातून काढत नाही. पहिले काही सोमवार फार कठीण गेले.

तेव्हा कोनाला सकाळी सातच्या आसपास सुरू झालेली ही स्पर्धा रात्री बाराला बंद होई. जिंकणारी दुपारी चारच्या सुमाराला पोचलेली असे. ती जेवून, अंघोळ करून निजली तरी कुणी काही म्हटलं नसतं. क्रिसी मात्र रात्री शेवटच्या रेषेपाशी परत यायची. कोनाच्या अलीई ड्राइव्ह या रस्त्यावर दिव्यांच्या उजेडात साठी-सत्तरीचे, कृत्रिम पायावर धावणारे, सतरा तास चालत-पळत आलेले हौशी एकेक करून येत, आणि ती त्यांच्या गळ्यात पदक घालायला पुढे होई. तिच्या स्वतःच्या पायांत त्याच दिवशीचे 226 किलोमीटर असत. बारा वाजत आले की गर्दी घड्याळाकडे आणि अंधारातल्या रस्त्याकडे आळीपाळीनं बघायला लागे. शेवटचा माणूस येईपर्यंत तीही तिथं उभी असे.