दोन विकलांची तफावत

पावसाळा सरल्यावर एखाद्या निरभ्र सकाळी खारघरच्या टेकडीवर उभे राहिले, म्हणजे पायथ्याशी पसरलेली सेक्टरांची चौकटबंद वसाहत, तिच्यापलीकडची खाडी आणि खाडीकाठची खारफुटी हे सारे एकाच पाटावर मांडून ठेवल्यासारखे सपाट दिसते. आणि या भूमीचा सगळा हिशेबही आजवर ती सपाट आहे असे धरूनच झालेला आहे. मुंबई इलाख्यातील मोजणीदाराची साखळी तेहतीस फुटांची, आणि त्या साखळीचा वर्ग, म्हणजे १०८९ चौरस फूट, तो एक गुंठा. पनवेल तालुक्यातील मौजे खारघरच्या भातखाचरांच्या हद्दी याच मापाने दफ्तरी दाखल झाल्या, १९७० मध्ये स्थापन झालेल्या सिडको या नगरविकास महामंडळाने त्यांच्यावर शहराची आखणी केली, आणि जमीन गेलेल्या शेतकऱ्यांना द्यावयाचे साडेबारा टक्क्यांचे भूखंडही त्याच हिशेबाने वाटले गेले. या साऱ्या व्यवहारात युक्लिडची भूमिती गृहीत होती, आणि पृथ्वीच्या गोलाईमुळे कोणाच्या भूखंडात बोटभरही तफावत पडली नाही.

असे का व्हावे, याचा हिशेब मोठा मनोहर आहे. सपाट पृष्ठावर त्रिकोणाच्या तीन कोनांची बेरीज १८० अंश भरते. गोलावर काढलेल्या त्रिकोणात ती त्याहून नेहमी अधिक असते, आणि हे आधिक्य त्रिकोणाच्या क्षेत्रफळाच्या प्रमाणात वाढत जाते. पृथ्वीच्या पाठीवर सुमारे १९७ चौरस किलोमीटरांमागे एक विकला, म्हणजे एका अंशाचा छत्तीसशेवा भाग, एवढे ते पडते. नवी मुंबईच्या आराखड्याचे ३४४ चौरस किलोमीटर क्षेत्र एकाच प्रचंड त्रिकोणात बसविले, तरी त्या त्रिकोणाच्या कोनांची बेरीज १८० अंशांहून दोन विकलासुद्धा अधिक भरणार नाही. एवढी सूक्ष्म तफावत साखळीने मोजणाऱ्याच्या नजरेस येणे शक्य नाही, आणि येण्याचे कारणही नाही.

मोठ्या गोलाचा लहान तुकडा सपाटच भासतो, ही गोष्ट आपल्याकडे आठशे वर्षांपूर्वी स्पष्ट शब्दांत सांगितली गेली होती. इसवी सन १११४ मध्ये जन्मलेल्या भास्कराचार्यांनी ११५० मध्ये ‘सिद्धान्तशिरोमणि’ हा ग्रंथ पूर्ण केला. त्यातील गोलाध्यायात, पृथ्वी गोल असूनही सपाट का दिसते या प्रश्नाचे त्यांनी दिलेले उत्तर असे की, परिघाचा शंभरावा भाग सरळच भासतो, आणि पृथ्वी फार मोठी व माणूस फार लहान असल्यामुळे त्याच्या दृष्टीस पडणारा तुकडा त्याला सपाट वाटतो. याच ग्रंथात त्यांनी पूर्वीचे आचार्य लल्ल यांचा दोषही दाखविला. लल्लांनी गोलाचे पृष्ठफळ काढताना वर्तुळाच्या क्षेत्रफळाला परिघाने गुणले होते. भास्कराचार्यांनी ते क्षेत्रफळाच्या चौपट, म्हणजेच व्यास आणि परिघ यांच्या गुणाकाराइतके असते असे सिद्ध केले, आणि ४९६७ योजने परिघाच्या पृथ्वीचे पृष्ठफळ ७८५३०३४ वर्गयोजने दिले. चेंडूवर विणलेल्या जाळ्याचा त्यांचा दृष्टान्त आणि आवळ्यावरील शिरांप्रमाणे गोलाच्या फाका पाडण्याची त्यांची युक्ती पाहिली, म्हणजे या पुरुषाला गोल केवळ बुद्धीने नव्हे तर हातानेही कळला होता, अशी माझी खात्री होते. चाळीसगावजवळच्या पाटण येथे त्यांच्या नातवाने, चांगदेवाने, त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापन केला. त्याचा शिलालेख डॉ. भाऊ दाजी लाड यांनी एकोणिसाव्या शतकात उजेडात आणला.

तरीही एक प्रश्न मनातून जात नाही. अलेक्झांड्रियाच्या मेनेलाउसने इसवी सन १०० च्या सुमारास गोलीय त्रिकोणांवर स्वतंत्र ग्रंथ लिहिला आणि त्यांच्या कोनांची बेरीज दोन काटकोनांहून अधिक असते हे सिद्ध केले. भारतीय आणि अरब ज्योतिष्यांनी गोलीय गणित नित्याच्या उपयोगात आणले. १६२९ मध्ये अल्बेर जिरारने आधिक्य आणि क्षेत्रफळ यांचा संबंध ग्रंथात मांडला. एवढे सगळे हाती असताना, युक्लिडच्या भूमितीहून निराळी भूमिती संभवते हे मान्य व्हायला एकोणिसावे शतक का उजाडावे लागले? माझ्या मते याचे कारण असे की, गोल हा सर्वांनी बाहेरून पाहिला. तो त्यांच्या लेखी सपाट अवकाशात ठेवलेला एक पदार्थ होता. त्याच्यावरील रेषा वाकड्या, आणि खऱ्या सरळ रेषा त्याला भेदून जाणाऱ्या. त्यामुळे आधिक्य ही नेहमी एक वजावट ठरली, सपाट सत्याशी मेळ घालण्यासाठी हिशेबातून काढून टाकावयाची रक्कम.

या वजावटीचा सर्वांत भव्य हिशेब याच देशात झाला. मोजणीदार विल्यम लॅम्बटनने १० एप्रिल १८०२ रोजी मद्रासजवळ पायारेषेच्या मोजणीस आरंभ केला, आणि तेथून त्रिकोणांची जी साखळी पुढे निघाली तिच्या प्रत्येक मोठ्या त्रिकोणाचे आधिक्य काढून ते हिशेबात धरावे लागे. फ्रेंच गणिती लजांद्रने १७८७ मध्ये त्यासाठी एक सोपी रीत दिली होती: प्रत्येक कोनातून आधिक्याचा तिसरा हिस्सा वजा करावा, आणि मग त्रिकोण खुशाल सपाट समजून सोडवावा. कोलकात्याचा राधानाथ सिकदार १८३१ मध्ये या मोजणीच्या खात्यात रुजू झाला तो गोलीय त्रिकोणमितीतील प्रावीण्याच्या बळावर. स्वतः लॅम्बटन आपली साखळी अपुरी टाकून २० जानेवारी १८२३ रोजी वर्धा जिल्ह्यातील हिंगणघाट येथे मरण पावला. त्याची कबर तेथेच आहे.

वजावटीचे सत्य ओळखण्याच्या अगदी जवळ जाऊन परत फिरलेला एक गणिती म्हणजे साकेरी. १७३३ मध्ये त्याने युक्लिडचे समांतर रेषांविषयीचे पाचवे गृहीतक सिद्ध करण्यासाठी, ते खोटे मानल्यास काय होईल याचा पद्धतशीर शोध घेतला. कोनांची बेरीज दोन काटकोनांहून अधिक होणारा पर्याय त्याच्यापुढे आला, आणि सरळ रेषा अनंत लांब असते या आधारावर त्याने तो निकालात काढला. हा पर्याय गोलावर रोज सत्य ठरत होता! तेथे सरळ रेषेची जागा महावृत्त घेते, म्हणजे ज्याचे केंद्र गोलाच्या केंद्राशी मिळते असे वर्तुळ. अशी कोणतीही दोन महावृत्ते परस्परांना दोन ठिकाणी छेदतातच, म्हणून समांतर रेषा तेथे नाहीत. आणि कोन कायम ठेवून त्रिकोण लहान-मोठा करता येत नाही, कारण कोन ठरले की क्षेत्रफळही ठरते. रेषा संपत नाही, पण तिची लांबी मोजता येते. अमर्याद आणि अनंत या दोन शब्दांतील हा भेद १० जून १८५४ रोजी ग्योटिंगेन येथील व्याख्यानात बर्नहार्ट रीमानने मांडला, आणि ज्याच्या १८२७ च्या प्रबंधाने त्याची वाट मोकळी केली होती तो वृद्ध गाउस श्रोत्यांत बसला होता. पृष्ठाची वक्रता त्या पृष्ठावरून पाय न उचलता, केवळ त्यावरच्या मोजमापांनी कळते, हे गाउसने त्या प्रबंधात सिद्ध केले होते.

हे कसे घडते ते एका काल्पनिक प्रवासाने दाखविता येते. खारघरहून, म्हणजे सुमारे ७३ अंश पूर्व रेखांशावरून, हातातील काठी दक्षिणेकडे रोखून दक्षिणेस निघावे. मालदीव बेटांच्या ओळीत विषुववृत्त लागेल. तेथून पूर्वेस ९० अंश जावे, मग वळून थेट उत्तर ध्रुवावर आणि ध्रुवावरून आपल्या रेखावृत्ताने खारघरास परत यावे; आणि वाटेत आपण वळलो तरी काठी मात्र कोठेही वळू देऊ नये. निघताना दक्षिणेकडे असलेली काठी परतल्यावर पूर्वेकडे रोखलेली आढळेल. विषुववृत्तावरचे दोन बिंदू आणि ध्रुव यांच्या त्रिकोणाचे तिन्ही कोन काटकोन, बेरीज २७०, आधिक्य ९०. काठीही बरोबर तेवढीच फिरली. काठी कोणी वळविली नाही, प्रवाशाने पृथ्वीकडे बाहेरून पाहिले नाही, तरी गोलाईची नोंद त्याच्या हाती आली. जी रक्कम इतकी शतके वजा होत होती, तीच त्या भूमीची ओळख होती.

पुढे १९१५ मध्ये आइन्स्टाइनने रीमानची हीच भूमिती गुरुत्वाकर्षणास लावली. त्याआधीच, काशीच्या संस्कृत महाविद्यालयातील बापूदेव शास्त्री या मराठी पंडिताने संशोधिलेले गोलाध्यायाचे इंग्रजी भाषांतर १८६१ मध्ये प्रसिद्ध झाले होते. त्याच काशीत १९३२ पासून कोल्हापूरचे विष्णु वासुदेव नारळीकर हिंदू विश्वविद्यालयात सापेक्षतेचा सिद्धान्त शिकवू लागले. एकाच नगरीशी निगडित, एकाहत्तर वर्षांच्या अंतराने घडलेल्या या दोन घटनांमधून भास्कराचार्यांचा गोल आणि रीमानचा अवकाश एकाच भाषेच्या माणसांच्या हाती आले, याचा मला अभिमान वाटतो.

आज खारघरातील अनेक कुटुंबांची मुले अमेरिकेत आहेत. भिंतीवरच्या नकाशात न्यूयॉर्क आपल्या पश्चिमेला, जवळजवळ सरळ दिसते. पण पृथ्वीगोलावर मुंबई आणि न्यूयॉर्क यांमध्ये दोरा ताणून धरला, तर तो उत्तरेकडे झुकून ६४ अंश अक्षांशापलीकडे जातो, आणि तीच सर्वांत जवळची वाट होय. शाळेत भूमिती शिकविणाऱ्या सर्वांना माझी विनंती आहे की, त्रिकोणाच्या कोनांची बेरीज १८० अंश असे फळ्यावर लिहिताना त्याच्या आधी ‘सपाट पृष्ठावर’ हे दोन शब्द अवश्य लिहावेत, आणि कपाटावरचा पृथ्वीगोल खाली काढून एक दोरा मुलांच्या हाती द्यावा.