अपराधाला त्याचे नाव

शमुवेलच्या दुसऱ्या पुस्तकातील तामारची कथा आपल्याला प्रवचनांतून क्वचितच ऐकू येते. तामार ही दावीद राजाची कन्या. तिचा सावत्र भाऊ अम्नोन आजाराचे सोंग घेऊन तिला आपल्या खोलीत बोलावतो आणि ती नको नको म्हणत असताना तिच्यावर बळजबरी करतो. त्यानंतर जे घडते ते आपल्याला अधिक अस्वस्थ करते. सख्खा भाऊ अबशालोम तिला गप्प राहायला सांगतो. पिता दावीद संतापतो, परंतु न्याय करीत नाही. दोन वर्षांनी त्या मौनाचे पर्यवसान भावाने भावाची हत्या करण्यात होते. तामार मात्र एकाकी, उद्ध्वस्त जिणे जगत राहते.

आपल्या घरांतही असा प्रसंग आला की आपण शब्द चुकवतो. ‘मुलीची अब्रू गेली’ असे म्हणतो. या वाक्यात अपराधी कोठेच नाही. जे गेले ते मुलीचे, आणि लाजही तिचीच! म्हणून मूळ प्रश्न असा, की हा अपराध नेमका कोणाविरुद्ध असतो? कुटुंबाच्या प्रतिष्ठेविरुद्ध, समाजाच्या नीतीविरुद्ध, की एका जिवंत व्यक्तीविरुद्ध?

कायद्यालाही याचे उत्तर शोधायला दीर्घ काळ लागला. १८६०च्या भारतीय दंड संहितेने बलात्काराची व्याख्या केली आणि स्त्रीवरील इतर लैंगिक हल्ले बहुतांशी ‘विनयभंग’ या एका शब्दात सामावले. १९७२ साली तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातील देसाईगंज येथे, पोलीस ठाण्याच्या आवारातच, एका आदिवासी मुलीवर अत्याचार झाल्याची तक्रार झाली. १९७८मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दोन्ही पोलिसांना निर्दोष सोडले. तिच्या अंगावर प्रतिकाराच्या खुणा नव्हत्या, हे त्यामागचे एक कारण होते. पुढच्याच वर्षी कायद्याच्या चार अध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहून विचारले, की भयाने गप्प राहणे म्हणजे संमती काय? देशभर आंदोलन झाले आणि १९८३ साली कायदा बदलला. पीडितेचे नाव छापण्यास त्याच दुरुस्तीने मनाई केली. २०१३च्या दुरुस्तीने संमतीची व्याख्याच केली : संमती स्वेच्छेची व निःसंदिग्ध हवी, केवळ प्रतिकार केला नाही एवढ्यावरून ती गृहीत धरता येत नाही.

१ जुलै २०२४पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत बलात्कार, विनयभंग, लैंगिक छळ, विवस्त्र करणे, खासगी क्षणी चोरून पाहणे वा चित्रण करणे, पाठलाग आणि अश्लील शब्द वा हावभाव हे वेगवेगळे अपराध आहेत. इतका काटेकोरपणा कशासाठी, असे कोणी विचारील. अन्याय दोन प्रकारे होतो, हे त्याचे उत्तर. मोठ्या अपराधाला ‘चेष्टा’ म्हणून लहान करणे हा एक. लहान अपराधाला भलतेच नाव देऊन मोठे करणे हा दुसरा. दानिएलच्या पुस्तकातील सुसान्ना खोट्या साक्षीमुळे मरणाच्या दारात उभी होती. दानिएलने दोघा वडीलधाऱ्यांची वेगवेगळी उलटतपासणी केली म्हणून ती वाचली. अचूक शब्द आणि नेमकी चौकशी पीडिताला आधार देतात, तसेच निरपराध्यालाही.

मुलांच्या बाबतीत २०१२चा पोक्सो कायदा आहे. मुलगा असो वा मुलगी, १८ वर्षांखालील बालकाची संमती येथे ग्राह्य नाही. जानेवारी २०२१मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने कपड्यावरून केलेला स्पर्श या कायद्याखालील लैंगिक हमला ठरत नाही, असा निर्णय दिला. नोव्हेंबरात सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला. महत्त्व कातडीच्या स्पर्शाला नसून लैंगिक हेतूला आहे, असे स्पष्ट केले. शिवाय असा अपराध ठाऊक असून पोलिसांना न कळविणे हाच स्वतंत्र गुन्हा आहे. ‘घरातल्या घरात मिटवू’ हा आपला जुना मार्ग कायद्याने बंद केला आहे.

ख्रिस्तसभेलाही हाच प्रश्न टाळता आला नाही. पूर्वी धर्मगुरूने बालकावर केलेला अत्याचार ख्रिस्तसभेच्या कायद्यात धर्मगुरूच्या विशेष कर्तव्यांचा भंग म्हणून नोंदला जाई. जणू बिघडले ते व्रत! ८ डिसेंबर २०२१पासून लागू झालेल्या सुधारणेत, दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी तो मानवी जीवन, प्रतिष्ठा आणि स्वातंत्र्य यांविरुद्धच्या अपराधांत हलविला. वरवर पाहता प्रकरण तेवढे बदलले. खरे तर पाहणाऱ्याची नजर बदलली. त्या नजरेसमोर आता ते लेकरू आहे.

अर्थात कायद्याची व्याख्या संपते तेथे पाप संपत नाही. सज्ञान पत्नीवर पतीने केलेली बळजबरी आजही आपल्या कायद्याच्या बलात्काराच्या व्याख्येत बसत नाही. म्हणून ती निर्दोष ठरते काय? विवाहसंस्कार परस्परांच्या स्वाधीन होण्याचा आहे, हिसकावून घेण्याचा नाही. कायदा शिक्षेची सीमा आखतो. सदसद्विवेकाला त्या सीमेपलीकडेही जावे लागते. परंतु त्या सीमेच्या अलीकडेच थांबण्याची सबब विवेकाला कधी देऊ नये.

दावीदाच्या राजवाड्यात संताप होता, दुःख होते, मायाही होती. नव्हता तो तामारचे ऐकून घेणारा आणि घडल्या गोष्टीला तिचे खरे नाव देणारा माणूस. आपल्या एखाद्या लेकराने चाचरत काही सांगायला सुरुवात केली, तर त्याला गप्प न करता शेवटपर्यंत ऐकण्याचे धैर्य प्रभूने आपल्याला द्यावे.